शंभर पाण्यांचं तूप

मी विष खाऊन जगलेला माणूस आहे. हे मी अधूनमधून लोकांना ऐकवतो, कारण सांगण्यासारखं दुसरं काही माझ्या हातून घडलेलं नाही. पण ही गोष्ट माझी नव्हे. ज्यांनी ते विष स्वतःच्या हातानं तयार केलं त्या अमडापूरच्या वच्छलाबाईंची आहे, आणि त्यांच्याइतकी निरुपद्रवी बाई मी सगळ्या वऱ्हाडात पाहिली नाही.

वच्छलाबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची, निवृत्तीची सासू. अंगानं बारीक, उन्हानं रापलेल्या, बोलायला कमी. चारचौघींप्रमाणे कपाशी वेचायच्या, तुरी सोंगायच्या, दळणकांडण करायच्या. पण त्यांचे हात बघितले तर कोणीही फसावं. कपाशीच्या बोंडांनी बायकांच्या बोटांची पार चाळण होते, आणि यांचे हात मात्र नुकत्याच न्हालेल्या लेकरासारखे मऊ. गावातल्या बायका चिडवायच्या, की वच्छलाबाई वेचणीला हात घरी ठेवून येतात. त्यावर त्या नुसत्या हसायच्या.

त्या हातांचं गुपित सगळ्या गावाला ठाऊक होतं. वच्छलाबाई तूप धुवायच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याची परात घ्यायची, आधी चिंचेनं घासून लख्ख करायची. तीत गाईचं तूप घालायचं, वर विहिरीचं गार पाणी, आणि तळहातानं गोल गोल फेसायचं. थोड्या वेळानं ते पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं. असं शंभर वेळा. वच्छलाबाई शेजारी ज्वारीचे दाणे घेऊन बसायच्या, एक पाणी झालं की एक दाणा वाटीत. मध्येच कोणी गप्पा मारायला आलं आणि हिशेब चुकला, तर वर पाच-दहा पाणी जास्तीच घालायच्या. कमी नको, जास्त चालेल, हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला नियम होता. शेवटी पिवळं तूप पांढरंशुभ्र होतं, लोण्यासारखं हलकं, आणि त्याचा वासही उडून जातो. मग ते बोटावर घेऊन लावलं की गार वाटतं आणि चिकट राहत नाही.

फुटलेल्या टाचा, थंडीत तडकलेले ओठ, उन्हाळ्यातलं घामोळं, लेकरांच्या टाळूवर धरलेल्या खपल्या, काळ्या मातीनं धुऊन काथ्यासारखे झालेले बायकांचे केस, या सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच इलाज. केसांना मात्र टोकांपुरतं, बोटभरच द्यायच्या. मुळांना थापलंस तर डोकं मुंग्यांचं वारूळ होईल म्हणायच्या. अंगाची ओल अंगातच कोंडून ठेवायची, एवढंच ते तूप करतं. त्यात जादू नाही, आणि वच्छलाबाईंनी कधी जादू म्हणून ते दिलंही नाही. उलट त्यांच्या अटी फार. आधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासं लावून बघा, उद्यापर्यंत खाज सुटली नाही तर पुढं लावा. पू झालेल्या जखमेला लावायचं नाही. भाजलं तर आधी पाणीच पाणी, आग उतरून कातडी धरायला लागली की मग तूप. तांब्याच्या परातीत ते तसंच ठेवायचं नाही, आणि हिरवी झाक दिसली तर सरळ उकिरड्यावर टाकायचं, मग ते कितीही महागाचं असो.

या सगळ्यांच्या वर एक अट होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. धुतलेलं तूप खायचं नाही. शंभर पाणी दिलेलं तूप पोटात गेलं की माणूस मरतो.

हे काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. आमच्याकडे धाड गावीही हेच सांगतात, चिखलीलाही सांगतात. माझ्या आजीनं मला सांगितलं, तिला तिच्या आजीनं. खाऊन मेलेला माणूस कोणी पाहिला होता का, असं मी पुढं बऱ्याच जणांना विचारलं. कोणीच पाहिला नव्हता, कारण कोणी खाल्लंच नव्हतं. इतका पक्का पुरावा दुसऱ्या कुठल्या विषाचा नसेल.

आता निवृत्तीबद्दल. त्याचं आणि वच्छलाबाईंच्या एकुलत्या एका लेकीचं, कोकिळेचं, लग्न होऊन वर्ष झालं होतं. कोकिळा सोळा-सतरा वर्षांची. त्या साली वैशाख दोनदा आला होता, आणि अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. सासुरवाडीनं बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडालत्ता करायचा. निवृत्तीचा लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. सोबतीला एक माणूस लागतो म्हणून मी गेलो.

निवृत्ती हा आमच्या घराण्यातला सगळ्यात भिडस्त माणूस. घरी भाजी अळणी झाली तर ताट सरकवणारा हा पठ्ठ्या सासुरवाडीच्या वेशीत शिरला की गरीब गाय व्हायचा. चहा गार झाला तरी चांगला, खाट मोडकी असली तरी चांगली. मी त्याला बजावून ठेवलं होतं, की लेका, कधीतरी नाही म्हणत जा. तो म्हणाला, बरं. म्हणजे त्याला मलासुद्धा नाही म्हणता आलं नाही.

ऊन इतकं होतं की घरात चूल पेटवणं शक्य नव्हतं. मागच्या अंगणात मांडव घालून त्याखाली चूल मांडली होती आणि मायलेकी तिथं धोंडे उकडत होत्या. आत स्वयंपाकघरात शेगडीत थोडेसे निखारे, तेवढेच. पंगतीला आम्ही दोघं. वाढायला खुद्द सासरे, पंजाबराव. मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, आणि लेकीच्या सासरच्या माणसांपुढं लहान मुलासारखा घाबरणारा माणूस.

आमच्या वऱ्हाडात पुरणावर तूप वाढायची एक रीत आहे. जावई पुरे म्हणेपर्यंत वाढणाऱ्यानं धार थांबवायची नाही, आणि जावयानं चटकन पुरे म्हणायचं नाही. समजूतदार जावई तिसऱ्या चौथ्या वेळी हात आडवा धरतो. निवृत्तीला ते जमेना. पंजाबराव धार सोडत होते, हा मान खाली घालून खात होता. ह्याला वाटे, आपण थांबवलं तर त्यांना वाईट वाटेल. त्यांना वाटे, आपण थांबलो तर याला वाईट वाटेल. असं करता करता गडू रिकामा झाला. पंजाबरावांनी गडू उपडा करून पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जावयाच्या पानावर तूप संपलं, ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं पुरली असती लोकांना.

ते लगबगीनं आत गेले. अंगणात जाऊन बायकोला विचारायचं तर सगळ्यांदेखत शोभा. तेवढ्यात त्यांना फळीवर झाकलेली वाटी दिसली. झाकण काढलं तर पांढरंशुभ्र लोणी. देवच पावला म्हणत त्यांनी ते निखाऱ्यावर कढवलं. ते तडतडायला लागलं तशी बायकोला मनातल्या मनात नावं ठेवली, की लोणी धड धुतलंसुद्धा नाही, किती पाणी ठेवलंय त्यात. हे त्यांनीच नंतर सांगितलं, आणि ते सांगताना हसावं की रडावं हे त्यांना कळत नव्हतं.

ते तूप निवृत्तीच्या पानावर आलं. मला दोन पळ्या मिळाल्या, बाकी सगळं जावयाला. मला ते जरा बेचव वाटलं, वासही नव्हता, पण दुसऱ्याच्या घरचं तूप हुंगायचं नसतं. निवृत्तीला विचारलं असतं तर त्यानं चांगलं आहे म्हटलं असतं.

जेवून आम्ही ओसरीवर आडवे झालो. उन्हं जराशी कलली तशी अजीजुन्निसा आली. ती वहाबची बायको. वहाब भांड्यांना कल्हई करायचा, घर समोरच, दोन्ही घरांचं येणंजाणं. भाता ओढताना तापलेलं पातेलं तिच्या हाताला टेकलं होतं. भाजलेलं बरं होत आलं होतं, पण नवी कातडी इतकी ताठली होती की मूठ वळेना. वच्छलाबाईंनी तिच्यासाठी आदल्या दिवशी बसून तूप धुतलं होतं आणि ती आली की पटकन देता यावं म्हणून फळीवर काढून ठेवलं होतं. एरवी ते मागच्या खोलीत, उंच शिंक्यात असायचं.

वच्छलाबाई आत गेल्या, बाहेर आल्या, परत आत गेल्या. मग ओसरीच्या दारात येऊन त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं, फळीवरची वाटी कुठं आहे.

पंजाबराव अजून आपल्या हुशारीवर खूश होते. "लोनी होतं ना ते? कढवून जावईबापूले वाढलं. तूप संपलं व. इज्जत जात होती घरातली."

वच्छलाबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या. "ते धुतलेलं होतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला आज हसू येतं, पण त्या वेळी कोणी हसत नव्हतं. कोकिळा दाराआड उभी होती. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं आणि ती ते उचलायलाही वाकली नाही. सोळा वर्षांची पोर, वर्षभराचा संसार, आणि तिच्या बापानं तिच्या आईच्या हातचं विष तिच्या नवऱ्याच्या पानावर वाढलं होतं. पंजाबरावांचा चेहरा राखेसारखा झाला. वच्छलाबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या आपल्या मऊ हातांकडे बघत बसल्या. मला वाटतं, त्या क्षणी त्या बाईला आपले हात नकोसे झाले असतील.

गाव जमायला वेळ लागत नाही. वहाब तट्टू घेऊन चिखलीला डॉक्टर आणायला निघाला. शेजारचे किसनराव आले. किसनराव साप चावलेल्यांना बघायचे, त्यामुळे विष या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी निवृत्तीला खाटेवर बसवला, डोळ्याच्या पापण्या वर करून पाहिल्या, जीभ पाहिली, आणि कडुलिंबाचा पाला मागवला. आमच्याकडची परीक्षाच ती. पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही. गोड लागला किंवा काहीच लागला नाही, तर माणूस हातचा गेला.

निवृत्तीच्या तोंडात मूठभर पाला कोंबला. तो चावत होता. सगळे त्याच्या तोंडाकडे डोळे लावून. वच्छलाबाई चौकटीशी, कोकिळा त्यांच्या मागं. किसनरावांनी विचारलं, "कसा लागते?"

निवृत्तीनं सासऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं. पाला सासुरवाडीचा होता. "चांगला हाये," तो म्हणाला.

किसनरावांनी मान हलवली. बायकांमधून कोणाचा तरी हुंदका आला. किसनराव म्हणाले, चढलं, आता उशीर नको, आणि मिठाचं पाणी मागवलं. निवृत्तीनं एक लोटा प्यायला. दुसरा दिला, तोही प्यायला. त्याला नको म्हणता येत नव्हतं. तिसऱ्या लोट्याला त्याच्या पोटानंच नको म्हटलं आणि तो ओकला. झालं, आता तर विषच आहे याची सगळ्यांना खात्री पटली.

मी तिकडे खांबाला टेकून उभा होतो. मीही खाल्लं होतं. दोन पळ्या का होईना, खाल्लं होतं. माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. मी जावई नव्हतो. खाली पडलेली कडुलिंबाची एक डहाळी मी हळूच उचलली आणि दोन पानं चावली. जहर कडू. माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच आठवलं, की मी दोन पळ्या खाल्ल्या आणि त्यानं वाटीभर.

तेवढ्यात माझा हात कोणी तरी धरला. हात म्हणजे बाभळीची सालच. बघितलं तर गोजरबाई, पंजाबरावांची आई. या म्हातारीला कमी ऐकू यायचं. ती मागच्या पडवीत तुरी निवडत बसली होती आणि एवढा गोंधळ होऊन तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचे हात गावात प्रसिद्ध होते. ज्या घरात शंभर पाण्यांचं तूप, त्याच घरातल्या म्हातारीचे तळवे कोरड्या शेतासारखे भेगाळलेले. वच्छलाबाईंनी कितीदा वाटी घेऊन बसावं आणि म्हातारीनं हात पदरात लपवावे. कधी कारण सांगितलं नाही. लोक म्हणायचे, सुनेचं काही घ्यायचं नाही असा हट्ट असेल.

तिनं मला विचारलं काय झालं. मी तिच्या कानात ओरडून सांगितलं. तिनं नीट ऐकलं, मग मलाच विचारलं, तूही खाल्लं का. मी हो म्हटलं. त्या दिवशी मला हा प्रश्न विचारणारी ती एकटीच.

"काई होत नाई तुले," ती म्हणाली. "त्यालेबी होत नाई. चाल मले तिकडं घेऊन."

मी तिला गर्दीतून नेलं. तिनं किसनरावांच्या हातातला चौथा लोटा काढून घेतला आणि जमिनीवर ओतला. मग खाटेच्या कडेला बसून तिनं आपल्या मोठ्या अंगाच्या लेकाकडे पाहिलं.

"पंजाब्या, हे तूप तूनं खाल्लं हाये," ती म्हणाली. "मडकंभर खाल्लं. छपन्नच्या साली, तू चार वर्साचा होता."

मग तिनं जे सांगितलं ते तिथल्या कोणीही आधी ऐकलं नव्हतं. संवत छपन्नच्या, म्हणजे इंग्रजी १८९९ च्या मोठ्या दुष्काळात ती आणि तिचा नवरा सरकारी कामावर खडी फोडायला गेले होते. ढोरं मेली, घरात दाणा नाही. खडी फोडून फोडून तिचे हात इतके फुटले की रक्तानं हातोडी निसटायची. माहेरहून तिच्या आईनं एक छोटं मडकं पाठवलं होतं, धुतलेल्या तुपाचं, त्या हातांसाठी. तिनं ते जपून ठेवलं, कारण संपलं की दुसरं कुठून येणार. पोरगं मात्र रोज खाली खाली चाललं होतं. गवताच्या बियांची पेज पाजायची, ती त्याच्या पोटात ठरायची नाही. एके दिवशी त्यानं डोळेच उघडले नाहीत.

"मी म्हनलं, तसंबी जाते, असंबी जाते," गोजरबाई म्हणाली. "तुपाच्या तोंडानं तं जाईन. बोटभर पेजेत घातलं. रडत रडत घातलं, विष समजूनच घातलं. रातभर मांडीवर घेऊन बसली. सकाळी पोरानं अजून मांगतलं."

त्यानंतर रोज बोटभर, मडकं संपेपर्यंत. पेज पोटात ठरायला लागली. तुपानं ठरली की दिवस पालटले म्हणून, ते तिला माहीत नव्हतं आणि तिनं तसं काही म्हटलंही नाही. पोरगं जगलं, एवढंच ती म्हणाली. हातांना लावायला मात्र काही उरलं नाही, आणि ते जे फुटले ते फुटलेच.

पंजाबराव आपल्या आईच्या हातांकडे बघत होते. जन्मभर बघितलेले हात, पण तसे त्यांनी ते कधी बघितले नसावेत. एवढा मोठा माणूस, तो तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. त्यात भीती किती होती आणि दुसरं काय काय होतं, हे मी सांगू शकत नाही.

वच्छलाबाई पुढं आल्या. "मंग मले काऊन सांगतलं आत्याबाई, का ते विष हाये? लगन होऊन आली तवापासून सांगून राह्यल्या."

"घरात लेकरं राह्यते ना व," म्हातारी म्हणाली. "खाता येते म्हनलं असतं तं भाजल्या-कापल्याले बोटभर उरलं असतं का? माह्या सासूनंबी मले हेच सांगतलं होतं."

वच्छलाबाईंनी तिच्या तळव्यांवरून बोट फिरवलं. म्हणून का तुम्ही लावू देत नव्हत्या, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. म्हातारीला ते ऐकू गेलं नसेल, पण प्रश्न समजला.

"जे पोराच्या पोटात गेलं, ते हाताले चोपडाले मन होत नाई," ती म्हणाली.

हे सगळं चालू असताना निवृत्ती खाटेवर तसाच बसला होता, हिरवं तोंड घेऊन. आता आपण मरत नाही याची त्याला हळूहळू खात्री पटत चालली असावी. त्यानं अगदी अदबीनं सासऱ्यांना विचारलं, "मंग मी आता चूळ भरू का? पाला लय कडू होता."

किसनराव ताडकन उठले. "कडू होता? मंग मघाशी काऊन नाई बोलला बे?"

"तुमी येवढ्या आपुलकीनं देल्ला," निवृत्ती म्हणाला.

आधी दाराआडून कोकिळेचं हसू फुटलं. नव्यानं लग्न झालेल्या लेकीनं गावापुढं असं खळखळून हसू नये, पण त्या दिवशी तिला कोणी काही म्हटलं नाही. मग अजीजुन्निसा हसायला लागली, मग पंजाबराव, डोळे पुसत पुसत. मी तर खांब धरून खालीच बसलो. इतकं हलकं मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलेलं नाही. किसनराव तेवढे रागावून घरी गेले, आणि पुढं दोन वर्षं निवृत्तीशी बोलले नाहीत. वहाबला परत बोलवायला माणूस धावला, पण त्याला लांब जावं लागलं नाही. वहाबचं तट्टू नेहमीसारखं वेशीतच अडून बसलं होतं आणि तो त्याच्या विनवण्या करत होता.

डॉक्टर आला नाही, पण निवृत्तीच्या पोटाला मिठाच्या पाण्यानं जे झालं ते निस्तरायला दोन दिवस ताकभात खावा लागला. तुपानं काही झालं नाही. मलाही नाही. पण म्हणून तुम्ही ते खायला जाऊ नका. ते खायला केलेलंच नसतं, आणि परात नीट घासलेली नसेल तर तांबं पोटात जाईल ते वेगळंच.

संध्याकाळी वच्छलाबाईंनी परात चिंचेनं घासायला घेतली. अजीजुन्निसाच्या हाताला द्यायचं होतं, ते आमच्या पोटात गेलं होतं, आणि घरात तर तुपाचा थेंब नव्हता. तेव्हा अजीजुन्निसानंच आपल्या घरून तुपाचं मडकं आणलं. लावायचंच तूप, त्यामुळे कोणाच्या घरचं हा प्रश्न कोणी काढला नाही. अंधार पडेपर्यंत काही पाणी झाली, उरलेली सकाळी. अजीजुन्निसा चांगल्या हातानं पाणी ओतत होती, वच्छलाबाई फेसत होत्या, दाणे वाटीत पडत होते. त्यांना बोलताना पाहून मला वाटलं, आज हिशेब नक्की चुकणार आणि बरीच पाणी जास्तीची होणार.

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा तूप झालं. वच्छलाबाईंनी आधी अजीजुन्निसाचा हात घेतला, ताठलेल्या कातडीवर अलगद लावलं आणि मूठ वळवून बघायला सांगितलं. एकदम वळली नाही, पण आदल्या दिवसापेक्षा बरीच वळली. मग परात घेऊन त्या सासूपुढं बसल्या. म्हातारीनं सवयीनं हात पदरात घेतले.

"आता पोरगं पोटभर जेवते आत्याबाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता लावू द्या."

गोजरबाईनं दोन्ही हात बाहेर काढले आणि सुनेच्या मांडीवर ठेवले. वच्छलाबाई एकेका भेगेत बोटानं तूप भरत होत्या, घाई न करता, आणि म्हातारी डोळे मिटून होती. गार लागते, एवढंच एकदा म्हणाली.

पंजाबराव शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाकून एक बोट परातीकडे नेलं, चाखायला.

"हात काढा तिकडं," दोघी सासू-सुना एकदम म्हणाल्या, "विष हाये ते."

पंजाबरावांनी मुकाट्यानं हात मागं घेतला.